‘आयटीआयला टाकलंय’ म्हणताना मान खाली का?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत आठवडाभर वर्दळ असते. गुणपत्रिका न्यायला मुलं येतात, सोबत कुणाची अम्मी, कुणाचे अब्बू, कुणाचा मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी झेंडीगेटकडची एक बाई मुलाला घेऊन आली. मुलाला ५१ टक्के. स्टाफरूमच्या दारातच उभी राहून ती म्हणाली, “बाजी, इसका कुच होनेवाला नै. आयटीआयमें डाल देतूं.” मुलगा तिच्या मागे उभा होता. त्याने मान वर केली नाही. बोटाने गुणपत्रिकेचा कोपरा दुमडत राहिला.

मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तेच वाक्य त्या मुलाने माझ्या तोंडून नववीत ऐकलेलं होतं. वही अपुरी ठेवणाऱ्या, मागच्या बाकावर गप्पा मारणाऱ्या मुलांना मी सर्रास म्हणत असे, “अभ्यास करा, नाहीतर आयटीआयला जावं लागेल.” बी.एड.ला असताना मुलांचं खच्चीकरण करू नये यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. वर्गात उभी राहिल्यावर मात्र हे वाक्य कधी जिभेवर बसलं, कळलंही नाही. म्हणजे ज्या मुलाला पुढे आयटीआयमध्ये शिकायचं होतं, त्याच्यासाठी ती जागा मी आधीच शिक्षेची करून ठेवली होती.

वाचक भगिनी-बांधवांनो, हा लेख त्या मुलाच्या आत्मविश्वासाबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत आयटीआयच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचे वर्ग, शिबिरं, तासिका यांचं प्रमाण खूप वाढलं आहे. त्यांनी मुलांच्यात खरंच फरक पडतो का, हा प्रश्न मला गेली तीन वर्षं सतावतो आहे. माझं उत्तर असं की पडतो, पण भाषणाने पडत नाही.

आधी थोडी माहिती, कारण आपल्यापैकी अनेकांना आयटीआय म्हणजे ‘कॉलेजात नंबर न लागलेल्यांची शाळा’ एवढंच ठाऊक असतं. देशात शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर, मोटार मेकॅनिक, कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड, आरेखक, शिवणकाम असे कितीतरी ट्रेड आहेत, काही एक वर्षाचे, काही दोन वर्षांचे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बोर्डाच्या परीक्षेत ठरलेले भाषेचे विषय दिले तर आपल्या राज्यात बारावीची समकक्षताही मिळते. म्हणजे ही गल्ली पुढे बंद नाही. पण प्रवेश घेताना हे सांगणारं माणूस घरात नसतं, आणि शाळेत असलं तरी ते माझ्यासारखं असतं!

आयटीआयच्या वेळापत्रकात ‘एम्प्लॉयॅबिलिटी स्किल्स’ नावाचा एक विषय आहे. मुलं त्याला ई.एस. म्हणतात. २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम नव्याने केला गेला. पहिल्या वर्षी १२० तास आणि दोन वर्षांच्या ट्रेडला दुसऱ्या वर्षी आणखी ६० तास. त्यात स्वतःचं करिअर ठरवणं, संवाद, कामापुरतं इंग्रजी, डिजिटल कौशल्यं, पैशाचा आणि कायद्याचा व्यवहार, स्वतःचा उद्योग, शिकाऊ उमेदवारीची आणि नोकरीची तयारी असं सगळं आहे. कागदावर हा विषय फार चांगला आहे. करिअर मार्गदर्शन हे वर्षातून एकदा हार-तुरे घालून करायचं काम नसून आठवड्याच्या तासिकेत बसवायचं काम आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी हा तास मनापासून होतो आणि काही ठिकाणी ‘ई.एस. है, चलो कँटीन’ असा होतो. मुलांच्या बोलण्यातून दोन्ही ऐकायला मिळतं.

झेंडीगेटच्या त्या मुलाने फिटर ट्रेड घेतला. तीन-चार महिन्यांनी त्याची अम्मी पुन्हा माझ्याकडे आली. मुलगा जात नव्हता. सकाळी निघायचा, मामूच्या गॅरेजवर जाऊन बसायचा. मी त्याला बोलावून घेतलं. बराच वेळ काही बोलेना. मग कळलं ते असं. वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या तासाला निदेशकांनी त्रिज्या म्हणजे काय ते विचारलं होतं. याला उत्तर येत होतं. हा उठून म्हणाला, “निस्फ कुत्र.” उर्दूत व्यासाला ‘कुत्र’ म्हणतात आणि त्रिज्येला ‘निस्फ कुत्र’, म्हणजे अर्धा व्यास. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. पण वर्गाला ऐकू आला तो ‘कुत्रा’. सगळा वर्ग खो-खो हसला. कुणी वाईट हेतूने हसलं नसेल, पोरंच ती. पण त्या दिवसानंतर या मुलाने वर्गात तोंड उघडलं नाही, आणि पुढे जाणंच सोडलं.

मला रात्रभर झोप लागली नाही. दहा वर्षं उर्दू माध्यमात शिकलेलं मूल एका दिवसात मराठी-इंग्रजीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतं, तेव्हा त्याला येत असलेलं सगळं एका रात्रीत न येणारं होऊन जातं. ज़ाविया-ए-क़ायमा त्याला माहीत आहे, काटकोन माहीत नाही. आणि हे त्याला कुणी सांगत नाही की, बाबा, तुझं ज्ञान कमी नाही, फक्त शब्द बदलायचे आहेत. तो मनाशी हिशोब करून मोकळा होतो, “मेरेकू नै आता.”

आमच्या गल्लीच्या मागे एक निवृत्त निदेशक राहतात. आयुष्यभर फिटर ट्रेड शिकवला. त्यांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, “मॅडम, रविवारी खोली मिळेल का शाळेची?” असा आमचा रविवारचा वर्ग सुरू झाला. आठ रविवार. वीस-बावीस मुलं, पाच-सहा मुली. नाव काही दिलं नाही. मुलांनीच ‘संडे ई.एस.’ म्हणायला सुरुवात केली.

पहिल्या रविवारी प्रत्येकाने उभं राहून तीन वाक्यं बोलायची होती, नाव, ट्रेड आणि या आठवड्यात हाताने काय केलं. झेंडीगेटचा मुलगा उभा राहिला आणि नाव सांगून थांबला. मी शिक्षिका, लगेच धीर द्यायला निघाले, “बोल बेटा, घाबरू नको.” सरांनी मला हाताने थांबवलं. पिशवीतून लोखंडाचा एक कानस मारलेला तुकडा आणि व्हर्निअर कॅलिपर काढून टेबलावर ठेवला. “हे माप.” मुलाने तुकडा जबड्यात धरला, पट्टी डोळ्यासमोर आणली, आणि म्हणाला, “ट्वेंटी फोर पॉइंट थ्री सिक्स. लीस्ट काउंट झीरो पॉइंट झीरो टू, सर.” सर म्हणाले, “बरोबर. आता कसं मोजलं ते या मुलींना सांग, त्यांनी व्हर्निअर पाहिलेला नाही.” आणि तो बोलायला लागला. मुख्य पट्टी, सरकती पट्टी, कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळते. अर्धं दखनीत, थोडं मराठीत, अवजारांची नावं इंग्रजीत. पाच मिनिटं तरी बोलला असेल. हात बोलायला लागले तशी जीभ मागोमाग आली.

या प्रसंगाचा अर्थ मला नंतर वाचताना लागला. अल्बर्ट बंदुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘आपल्याला हे जमेल’ हा भरवसा माणसात येतो कुठून, यावर मांडणी केली. त्याने चार वाटा सांगितल्या. स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणीतरी दिलेला धीर, आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड, घाम वगैरे. यातली सर्वात बळकट वाट पहिली. आपण शिक्षक आणि आईवडील सगळी ताकद तिसऱ्या वाटेवर खर्च करतो. “हिंमत हारू नको, तू करू शकतोस.” धीर देणं वाईट नाही, पण ज्याने आजवर वर्गात एकदाही बरोबर उत्तर दिल्याचा आनंद घेतला नाही, त्याला नुसता धीर म्हणजे रिकाम्या ताटाला वरून तूप.

म्हणून मी म्हणते, भाषणाने होत नाही. शिबिरं वाईट आहेत असं नाही. २०२३ च्या मे-जूनमध्ये राज्यभर विधानसभा मतदारसंघवार छत्रपती शाहू महाराज युवाशक्ती करिअर शिबिरं झाली. अशा शिबिरातून मुलं पत्रकांचा गठ्ठा घेऊन घरी येतात, आणि त्यातलं एखादं पत्रक खरंच कामाचं असतं. त्याआधी २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी होत होती. मीही शाळेत ती घेतली आहे. मुलाला कागद मिळायचा, त्यावर त्याचा कल कुठल्या क्षेत्रात ते लिहिलेलं असायचं. मुलं एकमेकांना ‘तुझं काय आलं?’ विचारायची आणि कागद घडी करून दप्तरात जायचा. त्या कागदासमोर मुलाला बसवून अर्धा तास बोलायला मात्र कुणाला वेळ नव्हता, मलाही नव्हता.

आणि नेमका तोच अर्धा तास महत्त्वाचा असतो. स्टीव्हन ब्राउन आणि नॅन्सी रायन क्रेन या दोन अमेरिकन संशोधकांनी २००० साली तोवर झालेल्या करिअर मार्गदर्शनाच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित ताळेबंद मांडला. कुठल्या वर्गांचा उपयोग झाला, त्यात समान काय होतं ते त्यांनी शोधलं. मुलांकडून लिहून घेणं, प्रत्येकाशी वेगळं बोलणं, कामाच्या जगाची खरी माहिती, त्या वाटेने गेलेल्या माणसांची भेट, आणि घरच्यांचा, आसपासच्यांचा आधार उभा करणं. पाचच गोष्टी, आणि एकीलाही मोठा खर्च नाही. मी वाचलं तेव्हा आमचे चार रविवार होऊन गेले होते. यातल्या दोन आम्ही न कळत केल्या होत्या आणि घरच्यांचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

लिहिण्याचं सांगते. आम्ही प्रत्येकाला एक वही दिली आणि तीन रकाने आखायला लावले, उर्दू, मराठी, इंग्रजी. पहिली ओळ मुद्दाम तीच लिहिली: कुत्र, व्यास, डायमीटर. खाली निस्फ कुत्र, त्रिज्या, रेडियस. मुलं हसली, झेंडीगेटचा मुलगाही हसला. या वेळी तो सर्वांबरोबर हसला. वहीच्या मागच्या बाजूला त्यांनी दर आठवड्याला काय केलं, काय बिघडलं, ते कसं सावरलं हे लिहायचं. आठ आठवड्यांत ज्याला ‘अपना परिचय दो’ म्हटलं की घाम फुटायचा त्याच्याकडे सांगायला आठ पानं झाली. शिकाऊ उमेदवारीच्या मुलाखतीत ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ’ विचारतात तेव्हा मुलं गावाचं नाव, भावंडं, वडील काय करतात ते सांगतात. वही भरलेला मुलगा सांगतो, मी व्ही-ब्लॉक केला, पहिला रद्द झाला कारण काटकोन चुकला, दुसरा जमला.

खऱ्या माहितीच्या रविवारी मात्र वेगळंच घडलं. सरांनी काही लपवलं नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, हे सांगितलं. २०१९ च्या नियमांत विद्यावेतनाची किमान पातळी शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठेवली होती, हेही सांगितलं. आणि मग हेही सांगितलं की शिकाऊ उमेदवारी संपली की कंपनीने कायम करावंच अशी सक्ती नाही, अनेक मुलं पुढे ठेकेदाराकडे लागतात. वर्ग एकदम गप्प झाला. पुढच्या रविवारी चार मुलं आली नाहीत. मला वाटलं, सरांनी चूक केली. आता तसं वाटत नाही. खोट्या माहितीवर वाढवलेला भरवसा पहिल्या महिन्याच्या पगाराला फुटतो. त्या चारांपैकी दोघं पंधरा दिवसांनी परत आली आणि त्यांचे प्रश्न सगळ्यात टोकदार होते. “सर, ठेकेदाराकडे पीएफ कटतो का ते कसं बघायचं?” हा प्रश्न विचारणारा मुलगा मला आत्मविश्वास असलेला वाटतो, भले त्याचा आवाज खाली असो.

आपलं नगर, कागदोपत्री आता अहिल्यानगर, कारागिरांना अनोळखी नाही. विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये इथे नगरला ओतली गेली. ती कुणाच्या राज्यात ओतली हे तिच्यावर आहेच, पण ओतणाऱ्याचं, मुहम्मद बिन हुसेन रूमीचं, नावही तिच्यावर कोरलेलं आहे. आजच्या हिशोबाने तो फाउंड्रीचा माणूस. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, लूना इथल्या कायनेटिकच्या कारखान्यात बनायची. आज नागापूरची एमआयडीसी आहे, पुण्याच्या रस्त्यावर सुपे आहे, श्रीरामपूर, संगमनेर आहे. वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, तिथे आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवारांच्या जागा निघतात. एस.टी.च्या कार्यशाळा आणि महावितरणही शिकाऊ उमेदवार घेतात. सहाव्या रविवारी आम्ही मुलांना विचारलं, यातल्या किती जागा तुम्ही आतून पाहिल्या आहेत? एकानेही नाही. घरापासून आठ-दहा किलोमीटरवर एमआयडीसी, आणि मुलांसाठी ती म्हणजे बसमधून दिसणारी कुंपणं. ज्या दारातून कधी आत गेलो नाही तिथे अर्ज द्यायला पाय कसा उचलेल?

सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मग एका छोट्या कारखान्यात नेलं. तो स्वतः मुकुंदनगरचा, उर्दू शाळेत शिकलेला, आता तिथे सुपरवायझर. मुलांनी मशिनं पाहिली, पण त्यांचं लक्ष त्याच्याकडेच होतं. जेवणाच्या सुट्टीत एकाने विचारलं, “भाई, जुम्मेकी नमाजकू छोडते क्या?” तो म्हणाला, “पहले दिन पूछ लिया था. बोले, जाव, आधा घंटा बादमें भर देना.” एवढंच. माझ्या आठ रविवारच्या बोलण्यापेक्षा या एका उत्तराने काम केलं असं मला वाटतं. मुलांच्या मनात हे असे प्रश्न असतात, दाढीचे, नमाजीचे, नावाचे, ‘आपल्याला घेतील का’ हे. ई.एस.च्या पुस्तकात ते नाहीत. ते विचारायला आपल्यासारखा दिसणारा माणूस समोर लागतो. बंदुराने सांगितलेली दुसरी वाट ती हीच.

मुलींचं थोडं वेगळं आहे. शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. तरी आपल्या मुली शिवणकाम किंवा कोपा यापलीकडे फार पाहत नाहीत. १९८१ मध्ये गेल हॅकेट आणि नॅन्सी बेट्झ या दोघींनी मांडलं होतं की अनेक वाटा मुलींसाठी बंद होतात त्या क्षमता नसल्याने नव्हे, तर ‘हे माझं काम नाही’ असं लहानपणापासून मनात बसल्याने. आमच्या वर्गातल्या एका मुलीला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. तिची अम्मी म्हणाली, “खंबेपे चढेगी क्या?” मला उत्तर सुचेना. मुलगीच म्हणाली, “चढेंगी भी. महावितरणमें लडकियां चढतीच हैं ना!” आणि ते खरंच आहे. तरी अम्मीला ते पटलं नाही, आणि मी तिला दोष देत नाही. तिला एकदा पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेलं, जिथे टेबलावर बसून वायरिंग करायचं असतं, तेव्हा तिने विचारलं, “आने-जानेकू गाडी है?” हा होकारच होता, फक्त आईच्या भाषेतला.

इथे मला आपल्या घरांबद्दल बोलायचं आहे, जे बोलताना थोडी भीती वाटते. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखतं बनवत, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि माना डोलावतो. संध्याकाळी सोयरीक बघायला गेलो की मुलगा फिटर आहे म्हटल्यावर चहाचा कप हळूच खाली ठेवतो. मग तोच मुलगा दुबईला वेल्डर म्हणून गेला की त्याच घरातून पेढे येतात. मुलं हे सगळं पाहत असतात. आयटीआयच्या मुलाची घरातली किंमत सरकारी हिशोबातही दिसायची. त्याचं विद्यावेतन वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये होतं, ते २०२३ मध्ये ५०० झालं. निदान सरकारने तरी ती रक्कम बदलली. घरातलं वाक्य बदलायला तर पैसेही लागत नाहीत.

सातव्या रविवारी आम्ही पालकांना बोलावलं. बहुतेक अम्मी आल्या, अब्बू चारच. मुलांनी आपापले जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये बनवलेल्या वस्तू, बाकावर मांडून ठेवल्या होत्या, आणि ज्याने त्याने आपल्या घरच्यांना त्या समजावून सांगायच्या होत्या. झेंडीगेटची बाई मुलाने बनवलेला तो व्ही-ब्लॉक हातात घेऊन उलटसुलट करत होती. म्हणाली, “ये तूने बनाया? मशिनसे?” तो म्हणाला, “नै अम्मी, हातसे. कानससे घिसके.” बाई गप्प झाली. मग पदराने तो पुसून परत ठेवला, जणू काचेचा आहे.

ज्या घरात मुलगा किंवा मुलगी आयटीआयला आहे, त्यांनी एवढं जरूर करावं. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर मुलाची नोंदणी झाली का ते विचारा. आधार, बँक खातं आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आजच तपासा. शेख पुढे की मागे, एवढ्यावरून अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत. राज्यातल्या काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनेतून दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या तुकड्या आहेत, प्रवेशाच्या वेळी चौकशी करा. आणि आठवड्यातून एकदा जेवताना विचारा, “या आठवड्यात काय बनवलंस?” ‘किती मार्क पडले’ हे नंतर विचारलं तरी चालेल.

झेंडीगेटच्या मुलाला पहिल्या मुलाखतीत नाकारलं. मी घाबरले होते की पुन्हा गॅरेजवर जाऊन बसेल. त्याने वहीत लिहिलं, ‘ड्रॉइंग वाचायला दिली, तिसरी बाजू ओळखता आली नाही,’ आणि सरांकडे ड्रॉइंग शिकायला गेला. दुसऱ्या ठिकाणी लागला. आता शिकाऊ उमेदवार आहे, पुढे काय होईल ते त्याला माहीत नाही आणि मलाही नाही.

या जूनमध्ये तो शाळेत आला, धाकट्या भावाची गुणपत्रिका घ्यायला. पायात कंपनीचे जाड बूट, खिशाला ओळखपत्र. धाकट्याला ७८ टक्के. स्टाफरूमच्या त्याच दारात दोघं उभे होते. मी सवयीने थोरल्याला विचारलं, “मग, याला काय करायचं?”

“उसकूच पूछो ना, टीचर,” तो म्हणाला आणि एक पाऊल मागे सरकला.

धाकट्याने मान वर केली. “टीचर, पहले मेरेकू पॉलिटेक्निक और आयटीआय, दोनों अंदरसे देखनेके हैं. संडेकू सर आयेंगे क्या?”